युनिव्हर्सिटीची नव्हे, फ्रॅटर्निटीची

रविवार, २८ सप्टेंबर. ॲन आर्बर

निखिलने आज मला भोंडल्याला सोडलं, खिरापतीचा डबाही आत आणून दिला. तेवढ्यात शैलाताईंनी विचारलं, "मुलाला स्कॉलरशिप मिळाली म्हणे? कुणाची गं?"

मी म्हणाले, "युनिव्हर्सिटीची."

खोटं. ती त्याच्या फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे कॉलेजातल्या मुलांच्या क्लबच्या, माजी सभासदांची आहे, सोबत लीडरशिपचं ट्रेनिंग. पण फ्रॅटर्निटी म्हटलं की आमच्या बायकांना दारू आणि धिंगाणाच दिसतो. आणि मला?

निखिल डबा धरून शेजारीच उभा होता. त्याला मराठी कळतं, हे मी विसरले नव्हते. तो काही बोलणार नाही, हेही माहीत होतं.

परतताना म्हणाला, "इट्स ओके, आई. शनिवारच्या फंक्शनला यू डोन्ट हॅव टु कम." फ्रॅटर्निटीच्या त्या स्कॉलरशिप समारंभात तो भाषण करणार आहे. आठवडाभर आरशासमोर तयारी चालली आहे त्याची.

कॉन्व्हेंटमध्ये माझी फी माजी विद्यार्थिनी भरायच्या. मैत्रिणींना मी सांगायचे, बाबा भरतात. तेव्हा निदान बाबा ऐकायला नव्हते. आज निखिल डबा धरून उभा होता.

आत्ता शैलाताईंना फोन करून खरं सांगितलं. म्हणाल्या, "अगं, चांगलंच आहे की. मग युनिव्हर्सिटीची कशाला म्हणालीस?"

मी फोन ठेवला.

निखिल वर भाषण पाठ करतोय. आता जाऊन माफी मागायची, आणि विचारायचं, शनिवारी मी आले तर चालेल का.