ब्रॉडी मोकळा होता

१५ ऑगस्ट, सोमवार

सराव सुरू. हायस्कूलच्या संघाचा मुख्य कोच म्हणून माझं सहावं वर्ष. यंदा जुनं सगळं बंद. बॉल पोटाशी धरून गर्दीत घुसायचं, चिखलात लोळायचं आणि चार पावलं पुढं सरकायचं, हा फुटबॉल आमच्या बापांचा. यंदा लांब पास. एकदम पाच रिसीव्हर, म्हणजे झेलणारे, सुटतील, पाच दिशांना. बॉल फेकणारा, म्हणजे क्वार्टरबॅक, ऐमॉस फ्लिक, हात तोफेसारखा. आणि बॉल झेलायला माझा ब्रॉडी. अख्ख्या काउंटीत त्याच्याएवढं कोणी पळत नाही. हे बाप म्हणून नाही, कोच म्हणून लिहितो. त्याचं हे शाळेचं शेवटचं वर्ष. एखाद्या कॉलेजनं फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर घेतला तर शिकेल, नाहीतर मामाबरोबर लोकांची छपरं ठोकत बसेल.

एकच बारीक गोष्ट. ऐमॉससमोर उभी राहून धावून येणाऱ्यांना अडवणारी पाच दांडगी पोरं, म्हणजे आमची लाइन, शाळा संपवून गेली. नव्या पाचांतला एक बँडमध्ये ट्यूबा वाजवतो. लाइन यार्नेलकडे आहे. यार्नेल माझा सहायक, एरवी इतिहास शिकवतो. लाइनसाठी रोज एक तास मागत होता. दहा मिनिटं दिली. अडवणं म्हणजे मध्ये उभं राहणं. त्यात शिकवायचं काय?

संकल्प: ओरडायचं नाही. डोनट बंद.

२३ ऑगस्ट, मंगळवार

सराव अप्रतिम. ऐमॉसनं टाकलेला जवळजवळ प्रत्येक बॉल झेलला गेला. ब्रॉडीनं एक तर एका हातात घेतला. यार्नेलला काही खपत नाही. म्हणाला, सरावात क्वार्टरबॅकला लाल शर्ट असतो आणि लाल शर्टाला हात लावायला बंदी, तेव्हा ऐमॉसनं मध्ये बसून सँडविच खाल्लं असतं तरी पास जमला असता.

इतिहासवाल्यांना पुढचं दिसत नाही.

डोनट एक. मीटिंगमध्ये होता, नाइलाज.

२६ ऑगस्ट, शुक्रवार

हरलो, २७-०. दव पडलं होतं. यार्नेल म्हणाला, दव त्यांच्यावरही पडलं होतं. पण आमचा खेळ हवेतला. ओल्या बॉलचा त्रास आम्हालाच जास्त होणार.

ऐमॉस सात वेळा बॉल हातात असतानाच आडवा झाला. घाबरतो. बाकी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. ब्रॉडी प्रत्येक वेळी मोकळा होता.

ओरडलो थोडा.

२८ ऑगस्ट, रविवार

चर्चनंतर दुपारभर सामन्याचं चित्रीकरण पाहिलं. ब्रॉडीच्या लांब धावा कापून एक व्हिडिओ केला, मागं जोशातलं संगीत लावलं आणि नदीपलीकडच्या कॉलेजला पाठवला. प्रत्येक धावेत तो टोकाला पोचतो, मागं कोणी नसतं, हात वर करतो. बॉल येत नाही, पण तो मुद्दा नाही.

मार्लीनला दाखवला. म्हणाली, न येणाऱ्या बसची वाट बघणारं पोरगं वाटतंय. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तिला अजून खेळ कळत नाही.

२ सप्टेंबर, शुक्रवार

३४-३. पंच त्यांच्या गावचे.

६ सप्टेंबर, मंगळवार

ऐमॉसशी शांतपणे बोललो. शर्ट बदलत होता. बरगड्या जांभळ्या झाल्यात. या वयात लवकर भरून येतं. म्हणाला, "कोच, एकाला तरी माझ्याजवळ ठेवा ना अडवायला." मी समजावलं की जवळ ठेवलेला प्रत्येक माणूस म्हणजे झेलायला एक माणूस कमी. ब्रॉडीला लांब पोचायला वेळ लागतो, तोवर जागेवर उभं राहायचं. क्वार्टरबॅकचं धैर्य ते हेच.

तो म्हणाला, येस कोच. गुणी पोरगा.

नंतर लाल शर्टात सराव. पुन्हा अप्रतिम.

८ सप्टेंबर, गुरुवार

आमच्याकडे रिवाज आहे. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी क्वार्टरबॅकची आई लाइनच्या पोरांना जेवू घालते. मीही गेलो. रोन्डा फ्लिक आणि मी एकाच वर्गात होतो. कोबी घातलेल्या नूडल्स, सॉसेज, आणि गोड म्हणून चेरी भरून भाजलेला पाय. ट्यूबावाल्यानं तीनदा वाढून घेतलं. रोन्डा त्याच्या ताटात आणखी एक सॉसेज टाकत म्हणाली, खा रे राजा, माझं पोर तुझ्या पाठीमागं उभं असतं. पोरं हसली. ट्यूबावाला हसला नाही, खाली बघून खात राहिला.

जेवणानंतर मी तिला टेबलावर माझा खेळ समजावला. मिठाची बाटली म्हणजे ऐमॉस, मिरपूड ब्रॉडी. तिनं एक काटा उचलून मिठासमोर ठेवला आणि विचारलं, "आणि हा धावून येणारा?"

मी सांगितलं, तो पोचेपर्यंत बॉल गेलेला असतो.

"आणि नाही गेला तर?"

मी चेरीचा पाय फार छान झालाय म्हणालो. खरंच छान होता. दोन तुकडे. पाय म्हणजे डोनट नव्हे.

९ सप्टेंबर, शुक्रवार

४१-७. आमचे सात गुण ट्यूबावाल्यामुळे. बॉल घरंगळत आला आणि हा त्यावर पडला, योगायोगानं गुणाच्या रेषेपलीकडे. याला योजना म्हणत नाहीत.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

जिंकलो! १३-१०.

नोंद म्हणून: दुसऱ्या अर्ध्यात सूचना द्यायचा माझा हेडसेट बंद पडला, तेवढ्यात यार्नेलनं परस्पर दोन पोरं ऐमॉसच्या शेजारी अडवायला ठेवली. तीनच रिसीव्हर सुटले. ऐमॉसला वेळ मिळाला. ब्रॉडीनं चार झेल घेतले, सगळे आखूड. लोक यार्नेलच्या पाठीवर थापा मारत होते. त्यांना कळलं नाही की आम्ही लांब टाकू या धास्तीनंच समोरचे मागं सरकले होते. म्हणजे विजय माझ्या पद्धतीचाच.

आखूड झेलांचा व्हिडिओ बनवला नाही. कॉलेजवाले आखूड बघत नाहीत.

२५ सप्टेंबर, रविवार

परवाही हरलो, पण मोठी बातमी. कॉलेजचा माणूस तीस तारखेला येतोय, प्रत्यक्ष. पुन्हा पाचही रिसीव्हर, सगळे लांब. यार्नेल म्हणाला, रसेल, समोर एक्क्याण्णव नंबरचा आहे, तो आपल्या पोरांना दारासारखा ढकलून आत येईल. मी म्हणालो, मग यायच्या आत टाकायचा.

जेवताना ब्रॉडीनं विषय काढला. म्हणाला, "डॅड, शुक्रवारी मला आतच राहू दे. मी अडवतो. ऐमॉसला झोपताना कुशीवर वळता येत नाही." मी विचारलं, अडवणारा पोरगा बघायला कोण दोन तास गाडी चालवून येतं? मार्लीन ताट उचलून उठून गेली. ब्रॉडीनं वाद घातला नाही. म्हणजे पटलं.

३० सप्टेंबर, शुक्रवार

दुसरा डाव चालू असताना ऐमॉसला मागून, डावीकडून एक्क्याण्णवनं गाठलं. ऐमॉसचा हात वर होता, बॉल टाकायच्या बेतात. ब्रॉडी टोकाला पोचेपर्यंत तो थांबला होता. मी सांगितल्याप्रमाणे उभा होता.

तो उठला नाही. कोणी जखमी झालं की टेकतात तसे दोन्ही संघांनी गुडघे टेकले. ॲम्ब्युलन्स मैदानात आली. रोन्डा कुंपण ओलांडून आली, तिला कोणी अडवलं नाही. ट्यूबावाला गवतावर बसून राहिला, हेल्मेट काढलं नाही.

ब्रॉडी पार टोकाला एकटा होता, हात वर करून. त्याला मागं काय झालं ते माहीत नव्हतं.

मोकळा होता. नोंद असावी म्हणून लिहितो.

१ ऑक्टोबर, शनिवार

हॉस्पिटल. मणका शाबूत आहे. उजव्या खांद्यातल्या नसा तुटल्यात. डॉक्टर म्हणाले, हात थोडाफार हलेल कदाचित, फेकण्याचं विसरा. डॉक्टर लोक नेहमी वाईटच सांगून ठेवतात.

फुलं नेली होती. रोन्डा दाराबाहेर उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुला विचारलं होतं मी, रसेल. नाही गेला तर काय."

मी खेळात धोका असतोच असं काहीतरी म्हणालो. ती म्हणाली, फुलं नर्सकडे दे, आत नको येऊस.

ब्रॉडी माझ्याआधीच येऊन आत बसला होता. माझ्या गाडीतून परत आला नाही. चालत आला.

४ ऑक्टोबर, मंगळवार

कॉलेजच्या माणसाचा फोन. आधी ऐमॉसची चौकशी केली. सभ्य माणूस. मग म्हणाला, तुमचा पोरगा सुरेख पळतो, पण मी सगळे व्हिडिओ पाहिले आणि सामनाही पाहिला, त्याच्या हातात लांबचा बॉल आलेला एकदाही दिसला नाही. झेलतो की नाही हे सांगू कसं? मी म्हणालो, बॉल पोचला असता तर झेललाच असता. तो म्हणाला, असेल.

मग जरा घुटमळून विचारलं, त्या एक्क्याण्णवच्या कोचचा नंबर आहे का?

दिला. होता माझ्याकडे.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रिन्सिपलनी दुपारी बोलावून सांगितलं की उरलेले सामने यार्नेल चालवेल, मी विश्रांती घ्यावी. तात्पुरतं असणार. प्रेक्षकांत बसून पाहिलं.

नवा क्वार्टरबॅक नववीतला, हेल्मेट डोक्यावर गरगरतं. त्याच्या डाव्या बाजूला ब्रॉडी, गुडघे वाकवून, हात पुढे. सबंध सामन्यात लांब सुटला नाही. एकही झेल नाही. तीनदा त्याच्याहून दुप्पट पोरांनी त्याला उताणा पाडला, तिन्ही वेळा तो कोणाला तरी मिठी मारूनच पडला. नववीतलं पोरगं शेवटपर्यंत उभं राहिलं. हरलो, १४-९.

घरी विचारलं, हे कोणी सांगितलं तुला? शेवटचं वर्ष आहे तुझं. तो फ्रीजपाशी उभा राहून दूध पीत होता.

"मीच मागून घेतलं, कोच," म्हणाला. "तुम्ही झोपा आता."

स्वयंपाकघरात त्यानं मला कधी कोच म्हटलेलं नाही. थकला असेल.

१३ नोव्हेंबर, रविवार

हंगाम संपला. कॉलेजांकडून काही नाही. ब्रॉडीनं मामाला फोन करून जूनपासून येतो म्हणून सांगितलं. मला मार्लीनकडून कळलं.

चर्चनंतर फ्लिकांच्या रस्त्यावरून गेलो. तो घरच्या वाटेवर नाही. अंगणात ऐमॉस, उजवा हात पट्ट्यात अडकवलेला, डाव्यानं बॉल टाकत होता. समोर ब्रॉडी, फारसा लांब नाही. आजूबाजूला दुसरं कोणी नव्हतं. ऐमॉस सावकाश पाय रोवत होता, नेम धरत होता. सगळा वेळ त्याचाच होता. तरी बॉल निम्म्या वाटेत पडत होता. ब्रॉडी पुढं येऊन तो उचलायचा, नेऊन त्याच्या हातात द्यायचा आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन उभा राहायचा.

मी इंजिन बंद केलं होतं. थोड्या वेळानं चालू केलं.