सोडलेली पानं

६ नोव्हेंबर
आक्कांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. राजारामपुरीतल्या दवाखान्यातून रिक्षानं घरी आणलं. डोळ्याला ताण नको — म्हणजे सासूबाईंना वाचून दाखवायचं काम माझं.

संध्याकाळी मुरगूडहून फोन. बयाबाई न्हाणीत पडल्या. हाड मोडलं नाही, पण यापुढे एकटं ठेवू नका, असं शेजारी म्हणाले. बयाबाई ही तात्यांची, माझ्या सासऱ्यांची, दुसरी बायको. दोघींचं पटेना म्हणून तात्यांनी तिला मुरगूडला वेगळं ठेवलं — घरात एवढंच सांगतात. तात्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली.

त्यांना इथं आणावं, असं मी म्हटलं. अमरसिंह, माझे यजमान, म्हणाले, "आईपुढं तिचं नाव काढायचं नाही. भोगलंय आईनं." विषय संपला.

७ नोव्हेंबर
माझ्या आवडीची कादंबरी काढली. संयत, कोरडी. आक्का दहा मिनिटांत, "ह्यात कुणी बोलतच न्हाय की. सईची ती गुलाबी आण." सई, माझी मुलगी, दिवाळीला येऊन विसरून गेलेलं पुस्तक. मी वीस वर्षं कॉलेजात कादंबरी शिकवली. आणली गुलाबी.

८ नोव्हेंबर
भाषा भयंकर. लेखिकेला चंद्र आवरत नाही. पुण्यात बेकरी चालवणारी रेवा, तिचा नवरा नील. मग ओवी येते. मला वाटलं, आता लफडं. तसं नाही. तिघं एकत्र राहायचं ठरवतात. नीलवर दोघींचं प्रेम — आणि दोघींचं एकमेकींवरही.

आणि हे मी कुणाला वाचून दाखवते आहे? जन्मभर सवत सोसलेल्या बाईला!

दोन पानं एकदम उलटली.

९ नोव्हेंबर
रेवा आणि ओवी एकत्र दिसल्या की पान सोडते.

आक्का : "दोघी सैपाकघरात गेल्या आणि लगीच सकाळ? मधी काय झालं?"

"छपाईची चूक असेल."

"लई चुका हायत गं ह्या पुस्तकात."

१० नोव्हेंबर
मुरगूडचा फोन पुन्हा. अमरसिंह वृद्धाश्रमाची चौकशी करतायत. मी गप्प. आपल्याच गप्प बसण्याचा राग येतो.

१२ नोव्हेंबर
शेवटचं प्रकरण. ओवी बॅग भरून दारात उभी, रेवा जिन्यात. इथंच थांबले. खुला शेवट — मला असेच आवडतात.

"संपलं," म्हटलं.

आक्कांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला. "तुझ्या बोटाखाली पानं हायत अजून. आता दिसतंय मला."

"आक्का, तुम्हाला त्रास होईल म्हणून—"

"मला? वाच ते. मग सोडलेलं समदं वाच."

वाचलं. ओवी परत वर येते. तिघं एकाच ताटात जेवतात. मग मागे गेले, सोडलेल्या पानांकडे. दुपार सरली. सैपाकघरातला प्रसंग आला. रेवाचे हात कणकेत, ओवी तिचे केस बांधून देते. बस्स, एवढंच. चंद्र नाही, विशेषण नाही. मी शिकवायला घेतला असता असा परिच्छेद. आणि मी तो ओलांडून गेले होते.

आक्का म्हणाल्या, "परत वाच."

रात्री जेवताना अमरसिंहांना म्हणाल्या, "बयाला आण."

त्यांचा घास हातात राहिला. "आई, अगं जन्मभर तिच्यापायी तू—"

"तू ते पुस्तक वाचलंयस?"

"कुठलं पुस्तक?"

"न्हाय न्हवं? मग गप गाडी काढ सकाळी."

मी म्हटलं, "मीही जाते सोबत." या घरात इतक्या मोठ्यानं मी पहिल्यांदाच बोलले असेन.

१३ नोव्हेंबर
बयाबाई वॉकर घेऊन उंबऱ्याशी थांबल्या. अमरसिंह दोघींच्या मध्ये उभे. भांडण सोडवायच्या तयारीत.

बयाबाई : "लई म्हातारी झालीस की गं."

आक्का : "तू सोळाची ऱ्हायलीस व्हय? ये आत. च्या गार हुतोय."

दोघी इतक्या हसल्या की आक्कांना डोळ्यात औषध घालता येईना.

मी दार लावलं. जिंकल्यासारखं वाटलं. कोण, कुणाविरुद्ध — माहीत नाही. पण जिंकलो!

१५ नोव्हेंबर
गुलाबी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून. श्रोते दोन. एकही ओळ सोडायची नाही, असा हुकूम.

बयाबाईंसाठी मागची खोली झाडून ठेवली होती. ती नको झाली. आक्कांच्या खोलीत दोन पलंग जोडून दिले.

संध्याकाळी आक्कांचे हात कणकेत होते. केस तोंडावर येत होते. बयाबाईंनी वॉकर भिंतीला टेकवला, आणि मागून त्यांचा अंबाडा बांधून दिला. मी दारात. न राहवून विचारलं, "तुमचं पटत नव्हतं ना?"

आक्का मागे न वळता म्हणाल्या, "कोण म्हणतंय? लई पटायचं. त्येच तात्याला सोसलं न्हाय."