शाळा त्याची, जमीन माझी

मी, व्लास्ता हाव्रानेक, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, राहणार स्प्रिंग क्रीक, केस्टर परगणा, नेब्रास्का, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गेल्या महिन्यात डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, त्यामुळे डोळेही बऱ्यापैकी ठिकाणावर आहेत. माझ्यावर कुणाचा दबाव नाही; ज्यांनी आजवर तो आणून पाहिला, त्यांना विचारावं. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते.

वकील ड्वेन कोलार समोर बसला आहे. तो पहिलीपासून आठवीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकला. आत्ताच म्हणाला, "बाई, काय कुणाला द्यायचं तेवढंच लिहायचं असतं. का द्यायचं, ते नाही." मी त्याला आठवण करून दिली, की 'का' लिहिल्याशिवाय मी त्याला कधी गणितात गुण दिले नव्हते.

कलम १. माझं राहतं घर, धान्याचं कोठार आणि ओढ्यापलीकडचं सगळं शेत माझी भाची रोझॅन हिला मिळावं. बँकेत असेल त्यातून माझं दफन साधेपणानं करावं आणि उरेल ते तिच्या मुलांच्या शिक्षणाला लावावं. तिचा नवरा क्रेग माझ्याकडे जेवायला आला, की ताटाऐवजी खिडकीबाहेर बघत असतो आणि इथं मका किती येईल याचा अंदाज बांधतो. माणूस कष्टाळू आहे. पण जे दिसेल ते नांगरायचं, एवढंच त्याला कळतं. म्हणून कलम ४ लिहावं लागलं.

कलम २. आईचं खसखस दळायचं यंत्र जोलीन लुंडीन हिला द्यावं. ती माझी नातेवाईक नाही. पण माझ्या ओट्याशी उभी राहून, खसखशीचं सारण भरलेले गोड पाव, आम्हा चेक लोकांचे कोलाचे, करायला शिकलेली ती एकटीच. रोझॅन दुकानातून आणते. यंत्राचा दांडा उलटा फिरवायचा नाही, हे जोलीनला माहीत आहे.

कलम ३. हार्लो एकत्रित शाळेला काहीही देऊ नये.

ड्वेननं भुवया वर केल्या, म्हणून खुलासा करते. आमचा शाळा-जिल्हा म्हणजे ओढ्याकाठची दहा-बारा घरं, एक खोली, एक शिक्षिका आणि तीन पंच. १९८३ च्या वसंतात तो शेजारच्या हार्लो गावात विलीन झाला. विलीन हा त्यांचा शब्द. प्रत्यक्षात एक मालवाहू गाडी आली आणि शेगडी, बाकं, झोपाळे भरून गेली. भिंतीवरचं पेन्सिलला टोक करायचं यंत्रसुद्धा स्क्रू काढून नेलं. मला हार्लोत भोजनगृहात मुलांवर लक्ष ठेवायचं काम देऊ केलं. मी ते घेतलं आणि निवृत्तीपर्यंत केलं, कारण माझी मुलं त्या गर्दीत कोपऱ्यात बसून जेवत होती आणि त्यांना ओळखीचा चेहरा हवा होता. हार्लोच्या मुलांवरही मी माया केली. मुलांचा काय दोष? पण संस्थेला मात्र काही नाही. त्यांचं घेऊन झालेलं आहे.

कलम ४. स्प्रिंग क्रीक शाळेखालची एक एकर जमीन.

ही जमीन माझ्या आजोबांनी शाळेसाठी दिली, ती एका अटीवर: जोवर इथं मुलं शिकतील तोवरच, ज्या दिवशी शिकणं थांबेल, त्या दिवशी जमीन हाव्रानेक घराण्याकडे परत. ही अट सगळे विसरले. हार्लोवाल्यांनी आमची शाळा जमिनीसकट लिलावात काढली आणि ऑर्व्हिल लुंडीन यानं ती घेतली. मग नोंदणी करताना आजोबांचा कागद वर आला. इमारत ऑर्व्हिलची, पण तिच्याखालची जमीन माझी, असा निकाल लागला.

ऑर्व्हिल म्हणजे जोलीनचा बाप. शाळेच्या तीन पंचांपैकी एक. एक पंच एकत्रीकरणाच्या बाजूचा, एक विरोधात. ऑर्व्हिलचं मत उरलं होतं. बायको गेल्यावर तो पोरीला एकट्यानं वाढवत होता. त्या सभेत, माझ्याच वर्गात, मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसून तो म्हणाला, "आख्ख्या शाळेत माझी जोलीन एकटीच मुलगी आहे. तिला खेळायला एखादी तरी मैत्रीण नको?"

मी म्हटलं, "मी आहे की!"

"बाई, तुम्ही चाळिशीच्या आहात."

सगळे हसले. त्यानं हात वर केला आणि माझी शाळा बंद झाली.

पुढची दोन वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही. लिलावानंतर तो टोपी हातात धरून माझ्या दारात आला होता, तेवढाच अपवाद.

"बाई, माझी शाळा तुमच्या जमिनीवर उभी आहे."

"मग उचला आणि चालू पडा."

"उचलली तर मोडेल हो. जुनं लाकूड आहे."

"मोडणं तुम्हाला जमतं ना?"

तो टोपी घालून गेला. गवताच्या पेंढ्या ठेवायला घेतलीय, असं गावात सांगत असे. एक पेंढी त्यानं कधी आत ठेवली नाही.

एका नोव्हेंबरात मी रस्त्यानं जाताना पाहिलं, वारा सुटलेला आणि हा शाळेच्या छपरावर कौलपट्ट्या ठोकतोय. माझ्या जमिनीत विनापरवाना शिरला म्हणून ओरडायला गेले आणि शिडी हलत होती म्हणून ती धरून उभी राहिले. तेव्हापासून शनिवारी आम्ही दोघं शाळेत असतो. तो तावदानं बसवतो, मी रंग देते. दुपारी पायरीवर बसून कोलाचे खातो. तो मला "घरमालकीणबाई" म्हणतो, मी त्याला "भाडेकरू" म्हणते. आजूबाजूचे काय म्हणतात ते मला माहीत आहे. म्हणू देत.

आता मुद्द्याचं. मी काही लिहून न ठेवता गेले, तर ही एकरभर जमीन रोझॅनकडे जाईल. क्रेग ऑर्व्हिलला इमारत हलवायला सांगेल, ती हलवताना मोडेल आणि पुढच्या वसंतात तिथं मका असेल. तसं होऊ नये. म्हणून ती एक एकर जमीन, पंप, कुंपण आणि दोन उंच कॉटनवुड वृक्षांसह, ऑर्व्हिल लुंडीन याला कायमची आणि विनाअट द्यावी. आजोबांनी अट घातली होती. मी घालत नाही.

का, तेही लिहिते. जोलीनला हार्लोत मैत्रिणी मिळाल्या. ती हसायला लागली, ते मी भोजनगृहात स्वतः पाहिलं. ऑर्व्हिल चुकला नव्हता. मीही चुकले नव्हते. शाळा गेली याचं दुःख मला आजही आहे आणि त्याच्या मताचा राग मात्र कधीच गेला, हे त्याला ठाऊक नाही. तो अजून दर शनिवारी केलेल्याची भरपाई करायला आल्यासारखा येतो. त्यानं तसं येऊ नये. त्यानं नुसतं यावं. मी शनिवारची वाट बघत असते आणि बाकीचे वार लांब वाटतात. या माणसावर माझं प्रेम आहे. हे कायदेशीर कागदावर लिहिलेलं बरं, म्हणजे नंतर कुणी वाद घालणार नाही.

कलम ५. साक्षीदार. डोळ्यामुळे मला गाडी चालवता येत नाही, म्हणून ऑर्व्हिलच मला घेऊन आला आणि बाहेर बसला आहे. जमीन भाचीला चालली, असं त्यानं गृहीत धरलंय. साक्षीला ड्वेननं त्यालाच आत बोलावलं, मग मसुदा पाहून म्हणाला, "ऑर्व्हिलकाका, तुमची सही चालणार नाही. ज्याला काही मिळणार, त्याला साक्षीदार होता येत नाही."

"मला काय मिळणार?"

ड्वेननं माझ्याकडे पाहिलं. मी कलम ४ चा कागद ऑर्व्हिलकडे सरकवला. तो वाचतो आहे तोवर मी हे लिहिते आहे. त्याचं वाचन सावकाश असतं. आता तो दुसऱ्या पानावर गेला. आता त्यानं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"ड्वेन," तो म्हणाला, "बाईंची सही आज घेऊ नकोस."

"का? काही हरकत आहे?"

"बाईंची असेल तर माहीत नाही. पण लग्न झालं की हे सगळं पुन्हा लिहावं लागेल ना?"

ड्वेन म्हणाला, लिहावं लागेल. मग दोघंही माझ्याकडे बघत बसले.

मी सही आजच करत आहे. लग्न वसंतात; पण आमच्या वयात कागद तोवर लांबवू नये. लग्नानंतर पुन्हा येऊ आणि पुन्हा लिहू.

ठिकाण: केस्टर
दिनांक: २१ ऑक्टोबर २०१६

सही: व्लास्ता हाव्रानेक
(आडनाव बदलणार नाही. त्याला आत्ताच सांगितलं. तो हो म्हणाला.)

साक्षीदार:
१. लोरेटा श्टास्टनी, कार्यालयातील लेखनिक
२. गस ओल्सन, खालच्या मजल्यावरील न्हावी