बादलीतला हातोडा

सोमवार, संध्याकाळ

आज पुन्हा तो हातोडा पाण्याच्या बादलीत दिसला. पाण्याने लाकडी दांडा फुगतो, ढिलं डोकं घट्ट बसतं. पण आपल्या अमळनेरच्या उन्हात दुपारपर्यंत दांडा सुकतो, डोकं पुन्हा ढिलं होतं, हे वर्कशॉपमध्ये कुणाला ठाऊक नाही? असंच डोकं निसटून सलीमभाईंचा डोळा गेला. तेव्हा सगळे म्हणाले, नवा दांडा बसवू, पाचर ठोकू. कुठे काय?

"बादलीत कुणी ठेवला?" मी ओरडलो.

सलीमभाईच पुढे आले. एका डोळ्याने माझ्याकडे बघत म्हणाले, "मीच. काम ते करनं शे ना, नाना?"

काम तर करायचंच होतं. मी हातोडा काढला, पाणी झटकलं आणि कामाला लागलो.

दुपारी डोकं हलायला लागलं. पुन्हा बादलीत बुडवला. मीच.