लपणघर नं. १ आणि कुरुदचा खंड्या

२६ नोव्हेंबर १९६१, रविवार
स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू: पाऊण इंची पाइपचा स्टँड. दुधाच्या डब्याचं लेन्सवरचं झापड. प्रिंट काढायची सागवानी चौकट. सिग्नलच्या जुन्या काचेचा लाल दिवा (काच सव्वातीन इंच, कानस मारून तीन केली). आणि लपणघर नं. १, म्हणजे आत बसून पाखरांचे फोटो काढायची पत्र्याची खोली. कोणी शिकवलं नाही. कॅमेरा तेवढा घरी परतणाऱ्या रशियन साहेबाकडून घेतला.

संकल्प: कुरुदच्या तलावावर खंड्या पाण्यात सूर मारताना. चोच पाण्याला टेकते तो क्षण. सव्वीस जानेवारीला कारखान्याच्या क्लबमध्ये फोटोंचं प्रदर्शन आहे. ड्रॉइंग ऑफिसचे कृष्णराव ते पाहतात. त्यांना मधली भिंत राखून ठेवायला सांगितली. सगळ्या मशीन शॉपलाही सांगून झालं.

३ डिसेंबर, रविवार
लपणघर सायकलवर बांधून कुरुदला नेलं. शॉपमधला कवडू तिथंच राहतो, तो धरू लागला. कालच ॲल्युमिनियम पेंटचे दोन हात दिले आणि नंबर टाकला. आपल्या शॉपमधून बिनरंगाची, बिननंबरची वस्तू बाहेर जात नाही. कवडू म्हणाला, मारोतराव, हे तर आरशावानी चमकून राहिलं. मी म्हटलं, गंज लागला तर तू येशील का घासायला.

सकाळी ६.१० ते १०.४०. समोरच्या खुंटावर पाखरू नाही. अधूनमधून डोक्यावर टक्-टक्. उन्हानं पत्रा प्रसरण पावतो. नोंद केली. खुंटाचेच फोटो घेतले, सराव म्हणून.

बाहेर आलो तर कवडू म्हशी धूत होता. म्हणाला, खंड्या तासभर तुमच्या टपावरच बसला होता जी, तिथूनच मासे मारून राहिला होता. कवडूला चष्मा लागलेला दिसतो.

४ डिसेंबर
न्हाणीघरात लाल दिव्याखाली फिल्म धुतली. बाराही फ्रेम डांबरासारख्या काळ्या. कारण: नळाचं पाणी.

६ डिसेंबर
कृष्णराव म्हणतात, फिल्मच्या डब्यावर पूर्ण अंधार लिहिलं आहे. ते नवशिक्यांसाठी. कॅमेऱ्याच्या पाठीला फिल्मचा नंबर दिसायला लालच काच असते. लाल उजेड फिल्मला चालत नसता तर रशियन माणसानं ती ठेवली असती का? कृष्णराव चहा पीत राहिले.

११ डिसेंबर
पुन्हा काळी. पाणी विहिरीचं होतं. म्हणजे दोष हिच्या फोडणीच्या धुराचा. तसं सांगितलं. रंभा म्हणाली, डब्बा अंधार पायजे म्हणते तर तुमी दिवा कावून लावता? मी म्हटलं, अगदी थोडा उजेड आहे. तर म्हणे, लोनच्यात थोडंसं पानी चालते का?
फोटोग्राफी आणि लोणचं. काय बोलावं.

३१ डिसेंबर
चार फिल्मा झाल्या. सर्व काळ्या. संकल्पात किरकोळ दुरुस्ती: सूर मारताना नको. बसलेला खंड्याही शास्त्रीयदृष्ट्या मोलाचाच.

७ जानेवारी १९६२, रविवार
आज हीपण आली. म्हणे, कवडू म्हणते त्या टपावर कोन बसते ते मीच पायतो. लपणघराचं दार अठरा इंची. माप माझंच, पण उन्हाळ्यातलं. अर्धा आत गेलो आणि कमरेशी अडकलो. कॅमेरा तिच्या हातात दिला होता, कशाला हात लावू नको असं बजावून. पाच मिनिटांनी निघालो. ती पदर तोंडाशी धरून उभी. विचारलं तर म्हणे, काई नाई.
नंतर अकरा फोटो घेतले. फिल्म संपली. माझ्या हिशेबानं एक उरायला हवा होता.

८ जानेवारी, संध्याकाळी ७
फिल्म डब्याबाहेर काढली आणि वीज गेली. मेणबत्ती मागितली. हिनं बाहेरून कडी लावली. म्हणे, आता तसंच धुवा. अंदाजानं, शिव्या देत धुतली.
बारा फ्रेम स्वच्छ! पाणी शेवटी निवळलं तर.
अकरा फ्रेम: खुंट. रिकामा.
पहिली फ्रेम: लपणघर नं. १, नंबर वाचता येतो. टपावर खंड्या, चोचीत आडवा मासा, पंखाचं पीस न् पीस मोजून घ्या. खाली दारातून बाहेर आलेला माझा मागचा भाग आणि दोन पाय.
फोकस मीच लावून ठेवला होता.

१८ जानेवारी
प्रिंट काढून कपाटात ठेवली होती. हिनं कृष्णरावांना चहाबरोबर दाखवली. चहा त्यांच्या शर्टावर सांडला. डोळे पुसून म्हणाले, मारोतराव, मधली भिंत याच फोटोची. मी म्हटलं, माझ्या नावावर का? ते म्हणाले, बटन वहिनींनी दाबलं, नाव वहिनींचं. पाय कोणाचे ते लिहिणार नाही, पण शॉपवाले ओळखतील. आणि प्रिंट घेऊन गेले.

२६ जानेवारी
क्लबला गेलो नाही. पाय दुखतात. कवडू येऊन सांगून गेला, मधली भिंत रिकामीच आहे, लोक विचारून राहिले. पहिलं बक्षीस एका गुलाबाला.
रंभानं विचारलं, माह्या फोटोचं काय झालं जी? कोनाले पसंत नाई पडला का? मी म्हटलं, प्रदर्शनाचे नियम कडक असतात. ती बरं म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

संकल्प: लपणघर नं. २. दार चोवीस इंची.

नोंदीसाठी: कृष्णरावांची चिठ्ठी परवा आली होती. सौ. रंभाबाईंच्या 'खंड्या'ला कमिटीनं एकमतानं पहिला नंबर ठरवला आहे, फक्त घरून होकार कळवावा. मी नकार कळवला. तिच्या वतीनं. बक्षीस रुपये एक्कावन्न.