तिरफळची फाईल

३ ऑगस्ट, डिचोली
दत्ताबाबांच्या काजूच्या पाकिटाचं माझं डिझाइन छापायला गेलं. पेडण्याहून रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. थोडं पाकिटाबद्दल, मग पाऊस, गुडघे, मी जेवले का. आई गेल्यापासून हे कोणी विचारत नाही. शेवटची दुरुस्ती मुद्दाम रेंगाळत ठेवली होती. लाज नाही मला.

७ ऑगस्ट
मीनलला पाकिटाचा फोटो धाडला. पाकिटावरचा 'तिरफळ' फॉन्ट तिचाच, बेळगावात एकटीने बसून रेखाटलेला. लायसन माझ्या नावावर, माझ्या कॉम्प्युटरपुरतं. दुसऱ्याला हवा तर त्याने तिच्याकडून घ्यायचा. लगेच उत्तर आलं. 'ताई, काजूतला ज काय सुरेख बसलाय!' अशा गोष्टींवर खूश होणाऱ्या आम्ही दोघीच. कधी भेटलो नाही.

१२ ऑगस्ट
दत्ताबाबांचा फोन. चवथीचे, गणपतीच्या शुभेच्छांचे बॅनर त्याच अक्षरात हवेत. करून देते म्हटलं, तर...
"तू कित्याक त्रास घेतस गो बाय? फाईल धाड. पुतण्यो घराकडेच करतलो."
समजावलं. पाकीट तुमचं, पण फॉन्ट मीनलचा, पुतण्याला वेगळं लायसन लागेल. हसले. अक्षरं कोण विकत घेतं? प्रेसवाले तर फुकट देतात म्हणाले. तेही खरंच. इथे काम छापायला दिलं की पेन ड्राइव्हमधून फॉन्टही जातो, चहाबरोबर बिस्किट द्यावं तसा. मी नाही म्हटलं. फोन लवकर ठेवला त्यांनी.

१५ ऑगस्ट
फोन नाही. दारावर आलेल्या पाववाल्या पोदेराकडून सवयीने दोन उंडे पाव घेतले. एक तसाच राहिला.

१७ ऑगस्ट
धाडली फाईल. खाली लिहिलं, 'फक्त चवथीच्या बॅनरपुरती.' संध्याकाळी फोन आला. गुडघे, पाऊस, जेवले का. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

२ सप्टेंबर
पाळी गावात मावशीकडे गेले. वाटेत एका मंडळाचा बॅनर, तिरफळमध्ये. पुढे गॅरेजचा बोर्ड, तोही. कुठल्याशा पुढाऱ्याच्या शुभेच्छा, अक्षरं ओढून ताणून लांब केलेली. तिथूनच दत्ताबाबांना फोन केला. पुतण्याने फाईल बॅनरवाल्याला दिली, त्याने पुढे.
"सगळ्यांक तुझा नाव सांगितला हां बाय."
कौतुकाने म्हणाले.

१० सप्टेंबर
त्यांचे फोन येणं बंदच. आता पाकीट, बॅनर, बिलबुक सगळं पुतण्या करतो. आज मीच फोन केला. दुकानात गिऱ्हाईक आहे, मागाहून करतो म्हणाले. ज्यासाठी फाईल दिली तेच गेलं. माझ्यासारखी येडी मीच.

१४ सप्टेंबर
मीनलचा मेसेज. तिची आत्या चवथीला इकडे आली होती, तिने बॅनरांचे फोटो काढून नेले. 'ताई, गोव्यात लायसन फक्त तुमच्याकडे आहे. ही माणसं तुमच्या ओळखीची का?' रागावलेली वाटत नाही. तेच जड जातंय.
'मीनल,' एवढंच लिहिलंय सकाळपासून.

संध्याकाळ. फोन वाजला. धावत गेले, दत्ताबाब असतील म्हणून. मीनल. आजवर कधी फोन केला नव्हता तिने. वाजू दिला.
पुन्हा वाजतोय.