मंजू कॅनडात आहे

२९ ऑक्टोबर
उठल्यापासून डोळ्यांत वाळू! नवरोबा हृषीकेश म्हणाला, "शेतांत पराळी, म्हणजे पेंढा, जाळतायत त्याचा धूर गं, अख्ख्या सेक्टर बावीसचे डोळे चुरचुरतायत." मीही हो म्हटलं. पण धुराने ट्यूबलाइट बघवेनाशी होते का?

३ नोव्हेंबर
भाऊबीज. आम्हाला भाऊ नाही, म्हणून दरवर्षी आम्ही बहिणीच एकमेकींना ओवाळतो. मंजू सांगलीत, मी इथे – फोनसमोर ताम्हण! गॉगल लावूनच बसले. "ताई, हिरॉइनच की!" खूप हसली. तिने दिलेल्या अस्थिमज्जेच्या पेशींवर चौदा महिने जगतेय मी. रक्ताचा कॅन्सर गेला तो तिच्यामुळे.

७ नोव्हेंबर
डोळ्यांच्या दवाखान्यात अश्रू मोजायला पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. पट्टी कोरडी ठणठणीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहिणीच्या पेशी माझ्या डोळ्यांना परकं समजून पोखरतायत. गोळ्या वाढवल्या. शिवाय रक्तातल्या पिवळ्या पाण्याचे थेंब करून घालायचे. पण माझ्याच अंगात रक्त नाही, हृषीकेशचा गट वेगळा.

"बहन को बुला लीजिए."

"बहन कॅनडा में है," – तोंडातून निघूनच गेलं! इथे घरोघरी कुणी ना कुणी कॅनडात असतंच, हे कुणाला खोटं वाटत नाही. हृषीकेश तेव्हा पार्किंग शोधत होता. त्याला फक्त गोळ्यांचं सांगितलं.

मंजूला कळलं तर जन्मभर स्वतःला खात बसेल. नाही सांगायचं.

१६ नोव्हेंबर
दुकानातले थेंब, दर अर्ध्या तासाने. उपयोग शून्य.

२३ नोव्हेंबर
मंजूचा फोन उचलला नाही. राग येतो तिचा. जिने जगवलं तिचाच राग! किती कृतघ्न आहे मी.

२ डिसेंबर
उजव्या बुबुळाला भोक पडलं. डिंकासारखं काहीतरी लावून बुजवलंय. नजर येणार नाही म्हणतात. अक्षर वेडंवाकडं होतंय, होऊ दे. हृषीकेशला सगळं सांगितलं. त्याने सरळ मंजूला फोन लावला.

५ डिसेंबर
मंजू आली. आल्या आल्या रक्त देऊन आली. डाव्यासाठी.

मग माझ्या पायाशी बसून म्हणाली, "ताई, पेशी द्यायची सही करायच्या आधीच डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, असं होऊ शकतं. डोळ्यांचंसुद्धा. गॉगल बघितला तेव्हाच कळलं मला. तू दोष देशील म्हणून विचारायचं धाडस झालं नाही."

उजवा डोळा आम्ही दोघींनी मिळून घालवला.